वाळू, खडक आणि जुनी जीप

दुसरे महायुद्ध १९४५ मध्ये संपले तोपर्यंत विलिस आणि फोर्ड या दोन कारखान्यांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीपगाड्या बनवल्या होत्या. त्यांतल्या कितीतरी रणांगणावर मोडल्या, काही चक्क समुद्रात ढकलून देण्यात आल्या, आणि उरलेल्यांपैकी बऱ्याच लिलावात निघाल्या. ‘डिस्पोजलची जीप’ हा शब्दप्रयोग आपल्याकडे रुळला तो याच काळात. या गाड्या घेणारे लोक सैनिक नव्हते. शेतकरी, कंत्राटदार, शिकारी, हौशी भटके अशी ही मंडळी. गाडी चालवणे त्यांतल्या काहींना येत होते, पण रस्ता सोडून चालवणे बहुतेकांना नवीन होते. जुनी गाडी, नवशिका चालक आणि रस्ता नसलेली वाट ही तिन्ही एकत्र आली ती मोठ्या प्रमाणावर प्रथम तेव्हाच.

अशी गाडी आडवाटेवर नेण्याआधी तिची काय तयारी करायची? आज त्यासाठी लागणाऱ्या सामानाची दुकाने आहेत. गाडी उंच करण्याचे संच, भले मोठे टायर, विजेवर चालणारे विंच, छतावर दिव्यांची रांग, असे बरेच काही तिथे मिळते. पण माणसे हे तंत्र कशी शिकत गेली ते पाहिले, तर क्रम बरोबर उलटा दिसतो. आधी त्यांनी गाडीवरचे काढून टाकले, मग राहिले ते तपासले, आणि नवे काही जोडले ते अगदी शेवटी. या शिकण्यात शाळेतल्या पदार्थविज्ञानाचा भाग मोठा आहे. म्हणून हा इतिहास आम्ही शिक्षकांपुढे ठेवत आहोत.

इजिप्तमधला एक अभियंता

गोष्ट जीपच्याही आधीपासून सुरू होते. राल्फ बॅग्नॉल्ड हा ब्रिटिश सैन्यातला अधिकारी. केंब्रिजला अभियांत्रिकी शिकलेला. १९२६ मध्ये त्याची नेमणूक इजिप्तमध्ये झाली. रजेच्या दिवसांत तो आणि त्याचे मित्र फोर्डच्या साध्या मोटारी घेऊन वाळवंटात जाऊ लागले. आधी मॉडेल टी, मग १९२९ पासून मॉडेल ए. या गाड्यांची फक्त मागची दोन चाके इंजिनाला जोडलेली असत. लिबियाच्या सीमेवरचा वाळूचा समुद्र मोटारीला अशक्य आहे, असे तेव्हा सगळे धरून चालले होते.

बॅग्नॉल्डने पहिली गोष्ट केली ती वजन उतरवण्याची. टप, समोरची काच, मडगार्ड, जे जे चालण्यासाठी लागत नाही ते त्याने काढून टाकले. मूळ बॉडीच्या जागी हलकी लाकडी पेटी बसवली. वाचलेल्या प्रत्येक किलोमागे तेवढे पाणी आणि पेट्रोल नेता येत होते, आणि वाळवंटात हा हिशेब जिवाचा असतो.

दुसरी गोष्ट रेडिएटरची. मऊ वाळूत गाडी खालच्या गिअरमध्ये रांगत चालते. अशा वेळी वारा मागून असला तर रेडिएटरमधून हवा जवळपास वाहतच नाही आणि पाणी उकळू लागते. उकळलेले पाणी वाफ होऊन बाहेर गेले की ते पिण्याच्या पाण्यातून भरून काढावे लागते. बॅग्नॉल्डने रेडिएटरची वाफ बाहेर जाण्याची नळी वळवून गाडीच्या बाजूला बांधलेल्या एका डब्यात सोडली. डब्यात निम्मे पाणी होते आणि नळीचे तोंड त्या पाण्याखाली होते. वाफ पाण्यात शिरून तिथेच थंड होई आणि पाणी बने. नंतर इंजिन निवले की रेडिएटरमध्ये निर्वात पोकळी तयार होई आणि बाहेरच्या हवेचा दाब डब्यातले पाणी पुन्हा आत ढकलून देई. ना पंप, ना झडप. आजच्या मोटारींत रेडिएटरशेजारी प्लास्टिकची बाटली असते, तिचे काम तत्त्वतः हेच आहे. चंबू, नळी आणि पेला घेऊन हा प्रयोग वर्गात सहज दाखवता येतो. तापलेला चंबू काढून ठेवला की पेल्यातले पाणी नळीतून वर चढताना मुले पाहतात, आणि वातावरणाचा दाब म्हणजे काय हे त्यांना वेगळे सांगावे लागत नाही.

तिसरी गोष्ट त्याला कैरोच्या जुन्या बाजारात सापडली. पहिल्या महायुद्धात खंदकांवर छप्पर घालण्यासाठी केलेल्या पोलादी पन्हळी तिथे भंगारात पडून होत्या. लांबी सुमारे दीड मीटर. गाडी रुतली की मागच्या चाकांपुढची वाळू हाताने उकरायची, पन्हळ सरकवायची आणि क्लच सोडायचा. चाकाखाली लहानसा रस्ताच तयार होई. भंगारातली ही पन्हळ पुढे महायुद्धात वाळवंटातल्या बहुतेक लष्करी गाड्यांच्या अंगावर टांगलेली दिसू लागली.

चौथी गोष्ट टायरची. ती नीट समजून घेऊ, कारण नवशिक्याला इतका उपयोग दुसऱ्या कशाचाच होत नाही. समजा सामानासकट १,४०० किलो वजनाची गाडी आहे, म्हणजे प्रत्येक चाकावर ३५० किलो. गॅरेजच्या भाषेत ‘तीस पाउंड हवा’ म्हणजे दर चौरस इंचाला ३० पाउंड, अर्थात दर चौरस सेंटीमीटरला सुमारे २.१ किलो. ३५० ला २.१ ने भागले की १६७ चौरस सेंटीमीटर येतात. टायर जमिनीला जेवढा टेकतो त्याचे क्षेत्रफळ साधारण इतके, म्हणजे पोस्टकार्डापेक्षा फार मोठे नाही. आता हवा पंधरा पाउंडांवर आणली की हे क्षेत्रफळ दुप्पट होते आणि वाळूवरचा दाब निम्मा होतो. बॅग्नॉल्डने रुंद टायर घेऊन त्यांत कमी हवा ठेवली ती यासाठी. खडकावरही हाच उपाय चालतो, तिथे कारण मात्र वेगळे. कमी हवेचा टायर दगडाच्या आकाराप्रमाणे मुडपतो आणि त्याला कवटाळतो. कडक टायर दगडावरून उडतो.

हा प्रयोग सायकलवर करता येईल. मागच्या टायरला शाई लावावी, एका विद्यार्थ्याला बसवून चाक आलेख कागदावर टेकवावे आणि ठशातले चौकोन मोजावेत. सायकल दुकानातून हवेचा दाब मोजून आणावा. दाब आणि क्षेत्रफळ यांचा गुणाकार चाकावरच्या वजनाच्या जवळपास येतो, पण तंतोतंत नाही. टायरच्या कडक बाजूही थोडे वजन पेलतात. हा फरक का येतो यावर चर्चा करणे हे उत्तर बरोबर येण्यापेक्षा जास्त मोलाचे आहे.

बॅग्नॉल्ड मुळात जिज्ञासू माणूस. वाळूची टेकडी वाऱ्याकडच्या अंगाला टणक आणि पलीकडच्या उतारावर भुसभुशीत का असते, हा प्रश्न त्याला गाडी चालवताना पडला. पुढे लष्करातून निवृत्त झाल्यावर त्याने वातबोगदा बांधून वाळूच्या वहनाचा अभ्यास केला. १९४१ मध्ये त्याचा या विषयावरचा ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि १९४४ मध्ये तो रॉयल सोसायटीचा सदस्य झाला. मंगळावरच्या वाळूच्या टेकड्यांचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ आजही त्या ग्रंथापासून सुरुवात करतात. रुतलेल्या गाडीने विज्ञानाला दिलेली ही देणगी आम्हाला विशेष वाटते.

दरम्यान, १९३९ मध्ये युद्धासाठी त्याला पुन्हा बोलावले गेले आणि १९४० मध्ये कैरोत त्याने वाळवंटात दूरवर टेहळणी करणारी तुकडी उभी केली. तिच्यासाठी त्याने निवडले ते साधे, दोन चाकांवर चालणारे शेव्हरले ट्रक. १९४१ मध्ये तुकडीला चार चाकांवर चालणारे फोर्डचे ट्रक मिळाले, पण ते जड होते आणि पेट्रोल फार खात. १९४२ मध्ये तुकडी पुन्हा दोन चाकांच्या शेव्हरलेकडे वळली. चारही चाके ओढणारी गाडी नेहमीच वरचढ, असे मानणाऱ्यांनी ही घटना लक्षात ठेवावी.

लिलावातली गाडी

अमेरिकेत १९४० च्या उन्हाळ्यात लष्कराने हलक्या, चारही चाकांवर चालणाऱ्या गाडीसाठी निविदा मागवल्या आणि बॅन्टम या छोट्या कंपनीने ४९ दिवसांत पहिला नमुना करून दिला. पुढे मोठे उत्पादन विलिस आणि फोर्डकडे गेले. साठ अश्वशक्तीचे इंजिन, सुमारे दोन मीटर अंतरावरचे एक्सल, पुढेमागे पाटे, आणि वजन एक टनाच्या आसपास. वजन कमी ठेवण्याचा जो धडा बॅग्नॉल्डने घेतला होता, तो इथे कागदावरच्या आराखड्यात उतरला होता.

युद्धानंतर बाजारात आलेली जीप मात्र थकलेली होती. खोक्यात बंद असलेली कोरी जीप पन्नास डॉलरला मिळते, ही अफवा अमेरिकेत वर्षानुवर्षे फिरत राहिली. प्रत्यक्षात पदरी पडत ती चार-पाच वर्षे बडवून काढलेली गाडी. इंग्लंडमध्ये रोव्हर कंपनीचा मुख्य अभियंता मॉरिस विल्क्स याच्या अँगलसी बेटावरच्या शेतावर अशीच एक जुनी जीप होती. ही मोडली की तिच्या जागी काय आणायचे, या विचारातून त्याने १९४७ मध्ये जीपच्याच चेसिसवर एक नमुना उभारला. १९४८ मध्ये अॅम्स्टरडॅमच्या प्रदर्शनात आलेली लँडरोव्हर ती हीच. आपल्याकडे स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या वर्षांत महिंद्र कंपनीने मुंबईत माझगावला विलिस जीप जोडायला घेतल्या, आणि त्या घराण्यातल्या गाड्या पुढे कित्येक दशके बनत राहिल्या. त्यामुळे जुनी जीप घेऊन घाटमाथ्यावर जाण्याची हौस असलेल्या माणसापुढे आजही तेच प्रश्न असतात, जे १९४६ च्या लिलावात गाडी घेणाऱ्यापुढे होते.

त्यातला पहिला प्रश्न ब्रेकचा. जुन्या जीपच्या चारही चाकांच्या ड्रम ब्रेकना तेल पुरवणारी व्यवस्था एकच असते. एक नळी फुटली की चारही ब्रेक गेले. आडवाटेवर खालून दगड लागतात, म्हणून या नळ्या गंजल्या आहेत का, लोंबतात का, हे आधी पाहायचे. हँडब्रेकची गंमत वेगळी आणि जास्त धोक्याची. तो चाकांवर नसून मागे जाणाऱ्या शाफ्टवर असतो. उतारावर जॅक लावून मागचे एक चाक उचलले की काय होते? शाफ्ट जागेवर घट्ट असतो, पण डिफरन्शियलमुळे उचललेले चाक उलटे फिरू शकते आणि जमिनीवरचे सुलटे. हँडब्रेक पूर्ण ओढलेला असूनही गाडी घरंगळते. म्हणून जॅकच्या आधी चाकांना दगडाची उटी लावायची, आणि ती उटी गाडीतल्या सामानात ठेवायची. याला पैसे पडत नाहीत आणि हे न केल्याने माणसे गाडीखाली सापडतात.

मग स्टिअरिंग. जुन्या जीपला प्ले असतोच, पण किती आहे हे गाडी उभी असताना हलवून पाहावे लागते. हायड्रॉलिक मदत नसल्याने चाक दगडावर आपटले की स्टिअरिंग झटक्याने फिरते. अंगठे आतल्या आऱ्यांत घालून धरू नयेत हे नवशिक्याला पहिल्या दिवशीच सांगतात, ते याच कारणाने. चेसिसला पाटे जिथे टांगलेले असतात तिथे तडा आहे का, शाफ्टचे क्रॉस ढिले आहेत का, पंख्याचा पट्टा चिरला आहे का, हे मिस्तरी अर्ध्या तासात सांगतो.

एका बारीक गोष्टीकडे मात्र मिस्तरीचेही दुर्लक्ष होते. एक्सलच्या डोक्यावर एक छोटा श्वासमार्ग असतो. तो चिखलाने बुजला असेल आणि तापलेला एक्सल ओढ्याच्या पाण्यात शिरला, तर आतली हवा आकसते. ७० अंश सेल्सियसवरून २५ अंशांवर येताना दाब सुमारे १३ टक्के घटतो. मुलांनी केल्व्हिनमध्ये भागाकार करून पाहावा. मग बाहेरचे पाणी ऑइल सीलमधून आत ओढले जाते आणि तेल दुधासारखे होते. बॅग्नॉल्डच्या डब्यात ज्या तत्त्वाने पाणी परत मिळाले, त्याच तत्त्वाने इथे एक्सलचे गिअर खराब होतात. श्वासमार्गावर रबरी नळी चढवून तिचे तोंड वर बांधले की काम झाले.

हळू जाण्याची कला

जीपला दोन गिअर दांडे जास्त असतात. एकाने पुढची चाके इंजिनाला जोडली जातात, दुसऱ्याने ‘लो’ टाकता येतो. युद्धकालीन जीप लो मध्ये पहिल्या गिअरला असताना इंजिन सुमारे साडेपंचवीस वेळा फिरले की चाक एकदा फिरे. विलिसने १९४५ मध्ये नागरी जीप काढली तेव्हा गिअरबॉक्स अधिक मजबूत केला आणि हे प्रमाण साडेछत्तीसच्या आसपास नेले. चाकाचा परिघ २.२ मीटर धरू. इंजिन मिनिटाला हजार फेरे घेत असेल तर युद्धकालीन जीप तासाला सुमारे पाच किलोमीटर जाते, नागरी जीप साडेतीन. पहिला वेग चालणाऱ्या माणसाचा, दुसरा रमतगमत चालणाऱ्याचा. इंजिन जवळपास तेच. खडकावर गाडी हळू चालवता येणे हीच शक्ती, ही समज या बदलात दिसते.

उतरताना तर हा गिअर जीव वाचवतो. १,४०० किलोची गाडी १०० मीटर खाली आली की सुमारे १४ लाख ज्यूल ऊर्जा कुठेतरी जावी लागते. तेवढ्या उष्णतेने चार लिटरहून जास्त पाणी खोलीच्या तापमानापासून उकळीपर्यंत येते. ती सगळी ब्रेकच्या ड्रममध्ये ओतली तर ड्रम तापून फुगतात आणि पकड सुटत जाते. गाडी लो मध्ये टाकून पाय क्लचवरून काढला की हे काम इंजिन करते. नवशिक्याचा पाय मात्र भीतीने नेमका क्लचवरच जातो.

चारही चाके जोडून कोरड्या डांबरी रस्त्यावर चालवणेही चूक. वळणावर पुढची चाके मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात, आणि जीपच्या पुढच्या-मागच्या शाफ्टमध्ये हा फरक मिटवणारी सोय नाही. माती असेल तर चाक थोडे घसरते आणि ताण सुटतो. डांबरावर तो शाफ्टमध्ये साठत जातो. शिवाय दांडा काढला तरी पुढची चाके आपला एक्सल आणि शाफ्ट उगाच फिरवतच राहतात. यावर १९४८ मध्ये अमेरिकेत सिअॅटलला सुरू झालेल्या वॉर्न कंपनीने तोडगा काढला. पुढच्या चाकांचे हब एक्सलपासून मोकळे करता येतील असे केले. जुन्या जीपला बाहेरून जोडलेल्या वस्तूंपैकी खरोखर अर्थपूर्ण अशी पहिली वस्तू आमच्या मते ही. विजेवर चालणारे विंच त्याच कंपनीने हौशी चालकांसाठी आणले ते १९५९ मध्ये.

मधल्या काळात लोक विंचशिवाय जातच होते. २९ ऑगस्ट १९५३ रोजी कॅलिफोर्नियातल्या जॉर्जटाउनहून ५५ जीप आणि १५५ माणसे रुबिकॉनच्या खडकाळ वाटेने टाहो सरोवराकडे निघाली. यात अनुभवी होते तसे नवखेही होते. गाडी अडली की पुढची गाडी टोचन लावून ओढे, एक जण खाली उतरून हातवारे करत चाक कुठे ठेवायचे ते सांगे. ही दुसऱ्या माणसाची गरज का पडते, याचे उत्तर डिफरन्शियलमध्ये आहे. साधा डिफरन्शियल दोन्ही चाकांना सारखाच जोर देतो. एक चाक हवेत गेले की ते फिरवायला जोरच लागत नाही, म्हणून जमिनीवरच्या चाकालाही तेवढाच, म्हणजे जवळपास शून्य जोर मिळतो. पुढचे डावे आणि मागचे उजवे चाक एकाच वेळी उचलले गेले तर चारही चाके जोडलेली जीप जागच्या जागी उभी राहते. उपाय एकच, चाके जमिनीवर ठेवणारी वाट निवडणे, आणि ती बाहेर उभ्या माणसाला चालकापेक्षा चांगली दिसते.

राहता राहिली उंची. जुन्या जीपच्या दोन चाकांमधले अंतर १.२४ मीटर. गुरुत्वमध्य जमिनीपासून ६० सेंटीमीटरवर आहे असे समजू. मग ती आडवी सुमारे ४६ अंश कलली की उलटते. पाट्यांखाली ठोकळे घालून गाडी १० सेंटीमीटर उंच केली की हा कोन सुमारे ४१.५ वर येतो. साडेचार अंश फारसे वाटत नाहीत. पण २५ अंशांच्या आडव्या उतारावर वरच्या चाकाखाली २५ सेंटीमीटरचा दगड आला, तर एकट्या त्याने ११ अंश वाढतात. खालच्या बाजूचे पाटे दबतात ते वेगळेच. छतावर कॅरिअर टाकून त्यात जास्तीचे चाक आणि पाण्याचे कॅन बांधले तर हिशेब आणखी बिघडतो. नवशिक्याने गाडी उंच करण्याची घाई करू नये. सामान तळाशी बांधावे आणि आसनपट्टे व मजबूत रोलबार आधी बसवावेत.

या वाटांनी जमिनीचेही नुकसान होते. लिबियाच्या खडेरी सपाटीवर महायुद्धातल्या गाड्यांचे माग अजून दिसतात. अमेरिकेत १९७२ मध्ये राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी सरकारी जमिनींवर अशा गाड्यांना ठरावीक वाटांपुरते बांधून घालणारा आदेश काढला, तो वाढत्या गर्दीमुळे. आपल्या सह्याद्रीतल्या सड्यांवर मातीचा थर काही बोटांचाच असतो आणि पावसाळ्यात त्यावरून एकदा फिरलेले चाकही खोल उमटते. तिथे असलेल्या चाकोरीतूनच जावे, चाकोरी नसेल तर गाडी थांबवून चालत जावे.

परत येताना डांबरी रस्ता लागला की आधी हब मोकळे करायचे आणि मग चारही टायरांत हवा भरायची. पंधरा पाउंडांवर टायरची बाजू प्रत्येक फेऱ्याला मुडपते. ताशी ६० किलोमीटर वेगाने हे तासात सत्तावीस हजार वेळा घडते, आणि प्रत्येक वेळी थोडी ऊर्जा रबरात उष्णता म्हणून राहते. अशा टायरची बाजू तापून फाटते. हवा पायपंपाने भरत असाल तर विद्यार्थ्यांना नळकांड्याचा खालचा भाग हाताने चाचपून पाहायला सांगा. तोही तापलेला असतो, पण तिथे रबर मुडपत नाही. मग उष्णता कुठून आली, हा प्रश्न त्यांच्याकडे सोपवावा.